बसवण्णाची माळ

सोलापुरात हिरवळ लावायची म्हणजे उन्हाशी मुद्दाम वैर धरायचं. जिथं वैशाखात रस्त्याचं डांबर वितळतं आणि चप्पल पायात राहायची सोडून रस्त्यातच राहते, तिथं वैजयंती मिलच्या शेटजींना आपल्या बंगल्यापुढं मऊ गवत असावंसं वाटलं. बहात्तरचा दुष्काळ नुकता सरला होता. लोकांची नळापुढं रांग लावायची सवय अजून मोडली नव्हती. पण शेटजी पुण्याच्या कुठल्याशा क्लबात जाऊन आले, तिथलं गवत त्यांच्या मनात भरलं, आणि मोठ्या माणसाच्या मनात काही भरलं की ते निस्तरायला लहान माणूस लागतो. हा लहान माणूस म्हणजे चनबसप्पा माळी.

चनबसप्पा मैंदर्गीचा. मिलच्या फाटकाजवळचे गुलमोहर, कचेरीपुढच्या कुंड्या आणि बंगल्याची बाग असं सगळं त्याच्याच हाताखाली होतं. स्वभावानं इतका गरीब की रोप उपटायचं झालं तरी आधी त्याची माफी मागायचा. देवानं तोल सांभाळायला त्याला बायको दिली ती शिवम्मा. नव्या पेठेत एका सराफाच्या पायरीशी तिचं फुलांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टोपली, एक ओलं फडकं आणि तिची जीभ. नवराबायको घरात कानडी बोलत. भांडण मात्र शिवम्मा मराठीत करायची, कारण आपली बाजू शेजारपाजाऱ्यांनाही नीट कळली पाहिजे असं तिचं स्वच्छ मत होतं.

गवत आलं तसं ते कापायचं मशीनही आलं. पुण्याच्या त्याच क्लबानं मोडीत काढलेलं, पेट्रोलवर चालणारं. पुढं वाकड्या पात्यांचं एक गोल फिरकं, मागं ढकलायला दांडा, आणि मध्ये इंजिन. ते लहर लागली तर चालायचं, नाहीतर फुरफुरून बसून राहायचं. गवत खातं, फुरफुरतं आणि मनात आलं की बसतं, हे बघून चनबसप्पानं त्याचं नाव ठेवलं बसवण्णा, म्हणजे कानडीत नंदीबैल. कारहुणवीला गावाकडं बैलांची शिंगं रंगवतात, तर यानं मशीनच्या दांड्याला लाल हुरमुंज फासली. शिवम्मा हसून लोळायची बाकी राहिली. पण तिला ते आवडलंही होतं. ज्या नवऱ्याला लोखंडाचीसुद्धा माया येते, तो आपल्याला कशाला अंतर देईल, असा तिचा हिशेब होता.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा करायची, आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याचं सीमोल्लंघन होईपर्यंत हत्यार जागचं हलवायचं नाही. ते बसलेलं असतं. मिलमधले सगळे माग त्या दिवशी हार घालून गप्प उभे असतात आणि गावाला आपल्याच कानात काही बिघाड झाल्यासारखं वाटतं. बंगल्यावर शेटजींच्या पत्नी हेमावतीबाई स्वतः पूजा करायच्या. त्यांनी मोटार पुजली, शिवणाचं मशीन पुजलं, अडकित्ता पुजला, आणि सगळ्यांच्या शेवटी बसवण्णाला कुंकू लावलं.

माळा शिवम्मानंच ओवल्या होत्या. त्यातही एक गोष्ट होती. आदल्या वर्षी मोटारीची माळ पूजेच्या दिवशीच तुटली, आणि बाईंनी वर्षभर त्याची हाय खाल्ली. म्हणून या खेपेला त्यांनी बजावलं होतं की माळ दसऱ्यापर्यंत तुटता कामा नये. शिवम्मानं केळीचं सोपट बाजूला ठेवलं, मिलचंच पिळदार सूत घेतलं, ते दुहेरी केलं आणि त्यात झेंडू ओवला. वर ऐटीत सांगून आली की ही माळ बैलानं ओढली तरी तुटायची नाही.

दुपारी मिलचे मॅनेजर बोरामणीकर साहेब बंगल्यावर आले. दसऱ्याच्या संध्याकाळी मुंबईचे कापडाचे व्यापारी येणार होते, गवतावर खुर्च्या मांडून त्यांना सोनं द्यायचं होतं, आणि गवत तर वाढलेलं. साहेबांनी चनबसप्पाला सांगितलं की आत्ताच्या आत्ता काप. चनबसप्पा म्हणाला, साहेब, आज हत्यार बसलंय. साहेब म्हणाले, हत्यार बसलंय पण पाहुणे बसायचेत, त्यांचं काय. हेमावतीबाई व्हरांड्यात उभ्या होत्या, त्यांनी हे ऐकलं. पुरुषांच्या कामात बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून त्या एवढंच म्हणाल्या की कापायचं तर काप बाबा, पण घातलेली माळ दसऱ्याआधी उतरवू नको. आणि आत गेल्या.

आता दुसरा कुणी असता तर त्यानं साहेबांची पाठ वळताच माळ काढून खुंटीला लावली असती. तिसरा कुणी असता तर पेट्रोल संपलं म्हणून सांगून झाडाखाली झोपला असता. चनबसप्पानं दोन्ही हुकूम पाळले. त्यानं बसवण्णाच्या पाया पडून माफी मागितली, माळ दांड्याला वेढे देऊन नीट गुंडाळली आणि मशीन सुरू केलं. निम्मं गवत कापून झालं. वळताना हिसका बसला, माळ सुटली आणि तिचं टोक पात्यांत गेलं. सोपटाची माळ असती तर तुटून मोकळी झाली असती. ही तुटेना. पाती जागच्या जागी अडकली आणि बसवण्णा नुसता फुरफुरत थरथरत उभा राहिला. बाईंनी घातलेली माळ, तीही पूजेची, तुटू नये म्हणून चनबसप्पा वाकला आणि डाव्या हातानं ती हळूच सोडवायला लागला. सुताचा पीळ सुटला, आणि त्याबरोबर पातीही सुटली.

करंगळी गेली आणि तिच्या शेजारचं बोट गेलं.

बंगल्याचा ड्रायव्हर नव्या पेठेत शिवम्माला न्यायला आला, तेव्हा ती एका गिऱ्हाइकाला वेणी महाग का आहे ते समजावत होती. टोपली तिथंच टाकून ती निघाली. सरकारी दवाखान्यात चनबसप्पा पडला होता, हाताचं भलंमोठं गाठोडं झालेलं. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं काय विचारावं, तर तळहातावर लिंग राहील का. रोज सकाळी तो डाव्या तळव्यावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवून पूजा करायचा, आणि उरलेल्या बोटांनी ते पेलेल का, याचा त्याला घोर लागला होता.

"राहील की," शिवम्मा म्हणाली. "देव काय एवढा जड न्हाय."

मग ती बाहेर व्हरांड्यात गेली आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून रडली. आपण सूत दुहेरी केलं नसतं तर, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. तिला स्वतःचा राग आला होता, सुताचा आला होता, झेंडूच्या फुलाचासुद्धा आला होता. रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं आणि राग जिथं जायला हवा तिकडं वळवला.

कारण हाताची पट्टी सुटायच्या आतच मिलचा निरोप आला होता, की आता बागेला दुसरा माणूस बघितला आहे, चनबसप्पानं आराम करावा. आराम हा शब्द मालक लोक कधी वापरतात ते शिवम्माला चांगलं ठाऊक होतं. ती तडक मिलच्या कचेरीत बोरामणीकर साहेबांपुढं जाऊन उभी राहिली. साहेब काही राक्षस नव्हते. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि फार गोड आवाजात समजावलं. चनबसप्पा हा मिलचा कामगारच नव्हे, तो बंगल्याचा घरगडी. मशीनही बंगल्याचं, शेटजींच्या खाजगी हौसेचं. शिवाय खंडेनवमीला मिल बंद होती, म्हणजे तो कामावर नव्हताच. आपल्या मनानं मशीन फिरवत होता. तेव्हा मिलचा यात काय संबंध?

"आणि बाई, माळ कुणी ओवली होती?" साहेबांनी विचारलं.

"म्या."

"मग भरपाई तुम्हीच द्यायला हवी. नवऱ्याला सांगा, बायकोवर दावा लाव."

कचेरीतले कारकून हसले. गोष्ट दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याची असती तर शिवम्माही हसली असती. पण साहेबांनी नेमकं तिच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं. ती काही न बोलता उठली, आणि शिवम्मा काही न बोलता उठली म्हणजे समोरच्यानं सावध व्हावं, हे साहेबांना ठाऊक नव्हतं.

तिथून ती गेली पंचाक्षरीकडं. पंचाक्षरी हा मिलच्या युनियनचा माणूस. त्याच्या सायकलला ब्रेक नव्हता आणि बोलण्यालाही नव्हता, पण कायदा त्याला पाठ होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की हा कायदा इंग्रजांच्या वेळेपासूनचा आहे. ज्यानं कामाला लावलं त्याच्या कामात माणूस जायबंदी झाला, तर भरपाई कामाला लावणाऱ्यानं द्यायची. ती भीक नव्हे, हक्क.

"पण म्या सूत दुहेरी केलं हुतं," शिवम्मा म्हणाली. "आन् ह्यांनी माळ काढली न्हाय. येड्यावानी हात घातला."

"अक्का, येडेपणाला कायद्यात माफी हाय," पंचाक्षरी म्हणाला. "दारू पिऊन हात घातला असता, न्हायतर हात घालू नको म्हणून सांगितलेलं मुद्दाम मोडलं असतं, तर गोष्ट येगळी. कुणी सांगितलं हुतं का हात घालू नको?"

कुणीही सांगितलं नव्हतं. मशीन आलं त्या दिवसापासून त्याला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. ढकल एवढंच सांगितलं होतं.

पण पंचाक्षरीला दोन गोष्टी सिद्ध करून हव्या होत्या. माणूस आणि मशीन मिलचं होतं ही एक, आणि त्या दिवशी त्याला कापायचा हुकूम होता ही दुसरी. हे डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं कोण होतं? साहेबांना सोडलं तर फक्त हेमावतीबाई.

इथं गाडं अडलं, आणि अडवलं ते खुद्द चनबसप्पानं. हेमावतीबाईंना तो अव्वा म्हणायचा, म्हणजे आईच. आईला कोर्टाची पायरी चढायला लावायची, लोकांनी तिच्याकडं बघायचं, वकिलानं तिला वेडेवाकडे प्रश्न विचारायचे, हे त्याला मरणासारखं वाटत होतं. तिनं माळ घातली ती देव म्हणून, तो म्हणाला. तिचं नाव काढशील तर मी दावाच मागं घेतो. शिवम्मा त्या रात्री मराठीत भांडली. सगळ्या चाळीला तिची बाजू पटली. फक्त नवऱ्याला पटली नाही.

दावा तेवढा लागला. लेबर कोर्टात मिलच्या वकिलानं लिहून दिलं की मशीन बंगल्याचं, माणूस बंगल्याचा, मिलचा काडीचाही संबंध नाही. तारखा पडत गेल्या. चनबसप्पा घरी बसून राहिला. उजव्या हातानं शिवम्माची फुलं निवडायचा आणि डावा हात पंच्याखाली झाकून ठेवायचा. ज्या हातानं त्यानं निम्म्या सोलापुरात झाडं लावली, त्या हाताची त्याला लाज वाटावी, हे तिला बोटं गेल्यापेक्षा जास्त लागत होतं.

हेमावतीबाई सणावाराला शेंगापोळ्या पाठवायच्या. पोळी तोंडात विरघळायची आणि राग तसाच राहायचा.

चैत्रात बंगल्यावरून शिवम्माला बोलावणं आलं. बाईंच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं आणि फुलांचं सगळं शिवम्मानंच बघावं अशी बाईंची इच्छा होती. शिवम्मा गेली. व्हरांड्यापुढची हिरवळ बघून तिला बरंच समाधान वाटलं. नवीन माळ्याला काही ते जमलं नव्हतं. गवत पार खराट्यासारखं झालं होतं. मोटारीच्या खोलीत पोत्याखाली बसवण्णा उभा होता. पोतं बाजूला झालं होतं आणि त्याच्या दांड्यावर अजून त्या माळेचे वेढे होते, झेंडू वाळून काळाठिक्कर पडलेला. तिला हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती.

शिवम्मा तिथं जरा वेळ थांबली. नवऱ्याला शब्द दिला होता की अव्वांना कोर्टात चला म्हणून सांगायचं नाही. सांगायचं नव्हतंच. पण काही विचारायचं नाही, असं कुठं ठरलं होतं?

मोगरा किती, शेवंती किती हे बोलून झाल्यावर तिनं सहज विचारल्यासारखं केलं. "अक्का, त्या मशीनची शांत कवा करणार?"

कसली शांत, बाईंनी विचारलं. मग शिवम्मानं मांडी घातली आणि मैंदर्गीची गोष्ट सांगितली. तिचा बाप एका सावकाराच्या रानात होता. खंडेनवमीला पूजा केलेल्या विळ्यानं एका गड्याचा पाय कापला, तर सावकारानं त्या विळ्याची शांत केली आणि त्या गड्याला वर्षभर जेवू घातलं. पूजेच्या दिवशी हत्यारानं रक्त घेतलं की हत्यार ज्याचं, निस्तरायचं त्यानं. असा तिथला रिवाजच होता. इथवर सगळं खरं होतं. पुढचं तिखटमीठ शिवम्मानं बसल्या जागी लावलं. न निस्तरलेलं हत्यार म्हणे मालकाच्या उंबऱ्यावर येऊन बसतं, आणि त्या घरातलं मंगलकार्य पुढं सरकू देत नाही.

हेमावतीबाईंच्या हातातला सुपारीचा तुकडा हातातच राहिला. जरा वेळानं त्यांना धीर आला. "पण ते मशीन मिलचं आहे," त्या म्हणाल्या. "मिलनं आणलं, मिलचंच पेट्रोल. बंगल्याचं कुठं आहे?"

"आसंल की अक्का. मला काय ठावं. पर बोरामणीकर सायबांनी कोरटात लिहून दिलंया, मशीन बंगल्याचं हाय म्हणून."

"असं लिहून दिलंय?"

"व्हय की."

मुलीच्या आवाजानं बाई दचकल्या. आतल्या खोलीत ती शालू अंगावर टाकून मैत्रिणींना दाखवत होती. मग त्यांनी हळूच विचारलं की कोर्टाची तारीख कधी आहे. शिवम्मानं सांगितली. आणखी एक शब्द ती बोलली नाही. घरी येताना तिला आपल्या हुशारीचं कौतुकही वाटत होतं आणि थोडी भीतीही वाटत होती, कारण लग्नाच्या घरात असली गोष्ट सोडून येणं काही चांगलं काम नव्हतं.

तारखेला कोर्टाबाहेर मिलची मोटार थांबली आणि हेमावतीबाई उतरल्या. मोरपंखी इरकल, डोक्यावरून पदर, हातात नारळ. कोर्टात नारळ कशाला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. चनबसप्पानं त्यांना बघितलं आणि बायकोकडं असं बघितलं की शिवम्मानं आयुष्यात पहिल्यांदा मान खाली घातली. बोरामणीकर साहेब धावत पुढं आले, म्हणाले, बाईसाहेब, आपण आधी वकिलांशी बोलू या. बाई त्यांना ओलांडून आत गेल्या.

पुढं काय झालं ते नव्या पेठेत शिवम्मानं नंतर इतक्यांदा सांगितलं की गिऱ्हाइकं वेणीचा भाव करायचं विसरायची. बाईंनी सांगितलं की मशीन मिलचं आहे, बंगल्याचा त्यावर काडीचाही हक्क नाही, तेव्हा त्याचा कोपही बंगल्यावर नको. चनबसप्पाही मिलचाच माणूस आहे. मिलच्या फाटकावरची झाडं काय बंगल्याची आहेत का? हे बाई ज्या जोरानं सांगत होत्या, त्यामागं काय भीती आहे ते शिवम्माला माहीत होतं, आणि मनातल्या मनात तिला हसू येत होतं. न्यायाधीशांनी विचारलं की त्या दिवशी गवत कापायला कुणी सांगितलं. बाईंनी बोरामणीकर साहेबांकडं हात केला.

मग त्या थांबल्या. नारळ त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरला होता. पुढचं कुणी विचारलं नव्हतं, आणि शिवम्मानंही ते कुणाच्या डोक्यात घातलं नव्हतं.

"काप म्हणून यांनी सांगितलं," त्या म्हणाल्या. "माळ काढू नको म्हणून मी सांगितलं. त्यानं आमचं दोघांचंही ऐकलं. आमचं ऐकलं म्हणून त्याची बोटं गेली, साहेब. आणि इतके दिवस मी शेंगापोळ्या पाठवत बसले."

शिवम्माचं हसू कुठल्या कुठं गेलं. ती ज्या बाईला फसवून इथवर आणायला निघाली होती, ती बाई भीतीनं आली खरी, पण हे वाक्य भीतीचं नव्हतं. शेजारी चनबसप्पा रडत होता. रडता रडता त्यानं डोळे पुसायला हात वर केला, तो डावा, आणि तो झाकायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

न्यायाधीश निकालात म्हणाले की हत्याराचा कोप या कोर्टाच्या कक्षेत येत नाही, पण बाकीचं जे सांगितलं ते पुरेसं आहे. मिलनं भरपाई दिली. चनबसप्पाला परत घेतलं, आणि या खेपेला मिलचा कामगार म्हणून, तसं उघड कबूल करून. लग्न थाटात झालं, कसलाही खोळंबा झाला नाही. हिरवळ मात्र वैशाखात जळून गेली आणि शेटजींनीही तो नाद सोडला.

शिवम्मा जाऊन बाईंच्या पाया पडली आणि म्हणाली की अक्का, उंबऱ्यावर बसायचं ते मी पदरचंच घातलं होतं. बाई म्हणाल्या, मला तेव्हाच वाटलं होतं. पण शांत मी करणारच.

आणि त्यांनी ती केली. पुढच्या खंडेनवमीला बसवण्णाला मिलच्या आवारात आणून मागांच्या पूजेच्या रांगेत उभं केलं. सगळ्या खात्यांतले कामगार जमले होते. जंगमांनी मंत्र म्हटले, बाईंनी नारळ फोडला, चनबसप्पाला धोतरजोडी दिली आणि पहिलं पान त्याला वाढायला सांगितलं. माळ शिवम्माचीच होती, पण केळीच्या सोपटात ओवलेली. जरा ओढली तर तुटेल अशी, हे तिनं दोनदा ओढून बघितलं होतं.

सगळं उरकत आलं तेव्हा मागाच्या खात्यातला मायाप्पा पुढं आला. म्हातारा, फार न बोलणारा माणूस. त्यानं आपला उजवा हात बाईंच्या पुढं धरला. त्याला अंगठा नव्हता.

"ह्यो त्या कडंच्या मागानं घेतला, बाईसाब," तो म्हणाला. "लई वर्सं झाली. त्याची शांत न्हाय झाली अजून."

मग त्याच्या मागं नागप्पा येऊन उभा राहिला, त्याचं पहिलं बोट पेरापासून गेलेलं. त्याच्या मागं आणखी एक जण, ज्याचा कान पट्ट्यानं ओढून नेला होता. मग आणखी. रांग लागत गेली. दुष्काळात नळापुढं लागायची तशीच, न बोलता, धीरानं. इतके हात या मिलमध्ये अधू आहेत हे शिवम्माला माहीत नव्हतं. तिनं तिखटमीठ लावलं होतं ते एका घरापुरतं.

बोरामणीकर साहेब पुढं येऊन म्हणाले की ही काय वेळ आहे का, हे जुनं झालं, ज्याची त्याची चूक होती. हेमावतीबाईंनी त्यांना थांबवलं नाही, त्यांचं बोलणं पुरतं होऊ दिलं. मग रांगेकडं बघत विचारलं, "साहेब, हे माग कुणाचे?"

समोर सगळी मिल उभी होती. पंचाक्षरी सायकलला टेकून साहेबांकडं बघत होता.

"मिलचे, बाईसाहेब," ते म्हणाले.

पंचाक्षरीनं सायकल भिंतीला लावली आणि रांगेच्या तोंडाशी जाऊन मायाप्पाला नाव, खातं, साल विचारायला लागला. शिवम्मा नवऱ्याला शोधत होती. त्याचं पान वाढून ठेवलं होतं, भात गार होत होता. तो तिला रांगेच्या शेवटी दिसला. नवं धोतर खांद्यावर टाकून, डावा हात उघडा सोडून उभा होता.

"अवो, तुमचं झालं की समदं," ती जवळ जाऊन म्हणाली. "तुमी हितं कशापायी उभं?"

"माझं झालं," चनबसप्पा म्हणाला. "पर रांग लांब दिसू दे की."